शाईचा पेन पुन्हा हाती घेतला



दर खेपेला या सदरात बियाणे, खते, कीड आणि रोग यांचे बोलणे होते. आज थोडे बांधावर बसू या. आज मी तुम्हाला एका पेनाची गोष्ट सांगणार आहे. शेतीशी त्याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. तर शेवटपर्यंत वाचा, संबंध निघतोच.

2022 सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. घराची झाडलोट चालली होती. माळ्यावरची आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्र्याची ट्रंक खाली काढली. आबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. ट्रंकेत कोर्टाचे जुने कागद, एक उपरणे, तीन जाड वह्या आणि एक काळा शाईचा पेन निघाला. आत शाई वाळून खडखडीत झालेली. टाकून द्यावा म्हणून हात उचलला, पण मन होईना. रात्री वाटीभर साध्या पाण्यात पेन सुटा करून ठेवला. सकाळी पाहतो तो वाटी निळीशार! दोन-तीनदा पाणी बदलले आणि पेन मोकळा झाला.

मंडळी, माझ्या वयाची माणसे पाटीवरून वहीवर आली ती शाईचा पेन घेऊनच. बॉलपेन वापरला तर गुरुजी छडी उगारायचे, ‘अक्षर बिघडेल’ म्हणायचे. बोटे निळी, खिसा निळा, कधी ओठही निळे. पुढे शेतकी कॉलेजात गेलो, नोकरी लागली, तेव्हा बॉलपेन आला आणि शेवटी मोबाईल आला. आता माझे लिहिणे म्हणजे सही आणि अंगठ्याने दाबलेला दोन शब्दांचा निरोप, एवढेच उरले होते.

तालुक्याच्या दुकानात शाईची बाटली मागितली. दुकानदाराने मागच्या फळीवरून शोधून दिली. घरी भरायला बसलो आणि पहिल्याच ओळीला भला मोठा ठिपका सांडला. सौ. म्हणाली, “अहो, या वयात बोटं निळी करून घेताय, पुन्हा शाळेत नाव घालायचंय का?”

ठिपका का पडला? आबांचा पेन ड्रॉपरने शाई भरायचा. अशा पेनात शाई कमी असली की आत हवा जास्त राहते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई बाहेर ढकलते. टाकी भरून घेतली, ठिपके थांबले. मग मी पेन न्याहाळू लागलो. निबेला मधोमध केसासारखी चीर असते. निबेखाली खाचा पाडलेली काळी पट्टी असते, आम्ही तिला जीभ म्हणायचो. शाई या बारीक खाचांतून आपोआप पुढे सरकते. कोळपणी का करायची हे सांगताना मी तुम्हाला काय सांगतो? जमिनीतली ओल मातीच्या केसासारख्या नळ्यांतून वर चढते आणि उडून जाते. कोळपले की त्या नळ्या तुटतात, ओल खाली टिकते. तेच केशाकर्षण इथे शाई कागदावर आणते. पण नुसते तेवढ्याने भागत नाही. जेवढी शाई बाहेर येईल तेवढी हवा आत गेली पाहिजे. हवेची वाट बुजली की पेन अडतो, आणि हवा फार झाली की ओकतो. म्हणजे पेनालाही वाफसा लागतो म्हणा ना! वॉटरमन नावाच्या अमेरिकन माणसाला 1884 साली ज्या पेनाचे पेटंट मिळाले, त्याची सारी करामत या हवा-शाईच्या मेळातच होती.

त्याआधी आपल्याकडे बोरू होता, पुढे दौत आणि टाक आले. पूर्वजांनी मोडी लिहिली ती बोरूनेच. आपल्या सह्याद्रीतला हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई होते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोह एकत्र आले की काळा रंग कागदात मुरतो. पुढे 1931 साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या. तीच पुढची कॅम्लिन. पाण्यात गोळी विरघळवली की दौत तयार.

आणखी एक गंमत कळली. बॉलपेनाची गोळी फिरवायला जोर द्यावा लागतो. पन्नाशीनंतर बोटे आखडतात. शाईच्या पेनाला जोर चालत नाही. तिरका धरून नुसता टेकवायचा, तो आपला आपण चालतो. मी रोज संध्याकाळी पानभर लिहू लागलो. बोटे दुखेनात, आणि तीस वर्षांत मोडलेले अक्षर हळूहळू वळणावर येऊ लागले.

आता गोष्टीचा गाभा सांगतो. ट्रंकेतल्या त्या वह्या आबांच्या रोजनिशीच्या होत्या. आमचे गाव माण तालुक्यातले, पावसाच्या छायेतले. आबा सातवी शिकलेले. पाऊस कधी पडला, पेर कधी झाली, कोणाचे किती देणे, हे सगळे ते लिहून ठेवायचे. 1972 च्या पानावर आहे : “पेर नाही. थोरला माझ्याबरोबर खडीवर आला. धाकट्यासाठी दूध आणले.” तो धाकटा मी, दोन वर्षांचा. थोरला म्हणजे माझे दादा, तेव्हा बारा वर्षांचे. आणि 1988 च्या पानावर : “धाकट्याची कॉलेजची फी. थोरल्याने कांदा विकून दिली.”

मंडळी, ते पान हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. कारण 2016 साली आमची वाटणी झाली आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दादांचे आणि माझे बोलणे तुटले होते. सहा वर्षे मोबाईलवर निरोप चालायचे. “पाळीचे काय ठरले?” मी विचारायचो. “बघू,” एवढेच उत्तर यायचे. मी नोकरदार, शेत वाट्याने दिलेले. ते पूर्णवेळ शेतकरी, त्यांच्या पिकाला पाणी हवे. पण माझा हक्क, माझा हिस्सा, हेच मी धरून बसलो होतो. फी कोणी भरली हे खरोखरच विसरलो होतो.

त्याच पेनाने दादांना पत्र लिहायला घेतले. “तीर्थस्वरूप दादांस, शिरसाष्टांग नमस्कार” एवढे लिहायलाच एक संध्याकाळ गेली. मोबाईलवर रागाचा शब्द पटकन सुटतो. इथे पेन हळू चालतो, शाई वाळेपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्यात शब्द पुन्हा वाचला जातो. दोन पाने फाडली. त्यांत पाळीचा हिशेब होता. तिसऱ्या पानात फक्त 1972 आणि 1988 च्या नोंदी उतरवून काढल्या आणि लिहिले, “हे मला आठवायला हवे होते. चुकलो.”

बारा दिवसांनी उत्तर आले. दादांच्या हातचे, शिसपेन्सिलीने लिहिलेले. “पत्र मिळाले. शाळू गुडघ्याएवढी झाली आहे. संक्रांतीला ये. येताना आबांची वही आण.” पाळीचा शब्दही नाही.

संक्रांतीला गेलो. वहिनींनी तीळगूळ दिला. दादांनी चष्मा लावून वही वाचली, पानावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “आबांचं अक्षर बघ कसं, पेरल्यासारखं ओळीत.” पाळीचा प्रश्न त्या दिवशी सुटला असे मी सांगणार नाही. तो सुटायला पुढचा उन्हाळा गेला. पण विहिरीच्या काठावर दोघे शेजारी बसून बोललो, आणि प्रश्न सुटतो तो बसून बोलल्यावरच.

म्हणून माझे सांगणे आहे. प्रत्येक शेतकरी घरात एक वही असू द्या. पावसाची तारीख, पेरणी, बियाण्याचे वाण, औषधाचे नाव आणि मात्रा, देणे-घेणे, आणि घरात कोणी कोणासाठी काय केले तेही. घरातल्या बायांनीही लिहावे. किती नोंदी त्यांच्याच ध्यानात असतात! शाईच्या पेनाने लिहिणार असाल तर चार गोष्टी पाळा. एक, पेन खिशात निब वर करून ठेवा. दोन, महिन्या-दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुवा, कढत पाणी नको. तीन, चित्रकामाची पक्की शाई भरू नका, ती आत चिकटून बसते. चार, साधी शाई पाण्याने पसरते, तेव्हा शेतात ओल्या हाताने नोंद करायला शिसपेन्सिल बरी. संध्याकाळी घरी बसून ती वहीत उतरवा.

आबांचा पेन आता दादांकडे आहे. मी दुसरा, शाळकरी मुलांचा साधा पेन घेतला. हे सदर त्याच पेनाने लिहिले आहे. एक-दोन ठिपके पडलेत, संपादकांनी सांभाळून घ्यावे.

पुढच्या खेपेला पुन्हा शेतात जाऊ.

तुमचा,
विस्तार अधिकारी