रुसलेला फ्लॅश

गेल्या अंकीं आम्हीं शिवणयंत्राच्या तुटणाऱ्या दोऱ्याविषयीं लिहिलें होतें. या अंकीं विषय कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा आहे, आणि तो आमच्या घरानेंच आमच्यापुढें टाकला.

पुण्याहून पौडाकडे जातांना पिरंगुट मागें टाकलें कीं कासार आंबोली लागतें. तेथें आमच्या वडील बंधूंचें घर आहे. पिरंगुटाच्या आसपास आतां कारखाने उभे राहिले असले, तरी भाद्रपदांत मुळशीचा हा मुलूख अजूनहि भातखाचरांनीं हिरवा असतो, आणि पाऊस लागला कीं वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. घराचें माजघर जुन्या पद्धतीचें. खिडकी एकच, तीहि हातभर. भर दुपारीं सुई ओंवावयाची झाली तरी ओसरीवर यावें लागतें. या माजघरांत ज्येष्ठा आणि कनिष्ठा गौरी उभ्या राहतात.

आमच्या वहिनींचें वय ८४ वर्षांचें. साठाहून अधिक भाद्रपद गौरी त्यांनींच उभ्या केल्या. धान्यानें भरलेल्या कोठीवर लुगडें कसें चढवावयाचें, निऱ्या कोठें अडकवावयाच्या, मुखवटा केव्हां बसवावयाचा, हें सारें त्यांच्या हातांना ठाऊक आहे. तोंडानें मात्र सांगतां येत नाहीं. “तुम्हीं विचारलेंत कीं मी विसरतें, हात लावला कीं आठवतें,” असें त्या म्हणतात. आतां ते हातच कांपूं लागले आहेत, आणि एका डोळ्याची दृष्टीहि मंदावली आहे. म्हणून गेल्या भाद्रपदांत, आवाहनाच्या दिवशीं, त्यांच्या हातांची एकेक कृति छायाचित्रांत उतरवून घ्यावी व तीं चित्रें नातसुनेपाशीं ठेवावीं, असें घरांत ठरलें. पुढल्या वर्षाचा भरंवसा कोणीं धरावा, हें कोणी बोललें नाहीं. पण सर्वांच्या मनांत तेंच होतें.

नातवानें प्रथम मोबाईल काढला. त्याचीं चित्रें उजळ आलीं. परंतु ज्यांच्यासाठीं सारा खटाटोप, ते हात त्यांत धुरकट दिसत होते. अंधारांत मोबाईल आपला डोळा अधिक वेळ उघडा ठेवून प्रकाश गोळा करतो, आणि तेवढ्यांत कांपणारा हात चार ठिकाणीं जाऊन येतो. फ्लॅशची रीत याच्या उलट आहे. त्याची लखलख सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच टिकते. तेवढ्या निमिषांत हात कितीहि कांपला तरी चित्रांत तो स्थिरच उमटतो. १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं विद्युत्-चमकेचे प्रयोग करून फिरतीं यंत्रें उभीं असल्यासारखीं दाखविलीं, आणि पुढें दुधाचा थेंब आपटून त्याचा मुकुट होतो तो क्षणहि पकडला. त्यापूर्वीं, १८८७ पासून, छायाचित्रकार मॅग्नेशियमयुक्त पूड पेटवून उजेड करीत; तिनें चित्र निघे, पण घर धुरानें भरून जाई. कॅमेऱ्याच्या अंगांतूनच वर उसळणारा दिवा १९७५ सालीं जपानांत कोनिका कंपनीनें आपल्या लहान कॅमेऱ्यास बसविला, आणि पाहुण्याच्या सामानांत फ्लॅश वेगळा घेण्याची गरज उरली नाहीं. असो.

मग कपाटांतून नातवाच्या वडिलांचा दहा वर्षांपूर्वींचा डिजिटल कॅमेरा निघाला. वहिनींनीं थोरलीच्या कोठीवर लुगड्याचा पहिला वेढा घेतला, नातवानें बटण दाबलें, आणि फ्लॅशचें झांकण जागचें हललेंहि नाहीं. “बिघडला!” असें तिघेजण एकदम म्हणाले. आमचा अनुभव असा, कीं हा शब्द घरांत फार लवकर उच्चारला जातो. यंत्रास उठूं नको अशी आज्ञा पुष्कळ वेळां आपणच दिलेली असते, आणि तें बिचारें ती पाळीत असतें.

तेव्हां प्रथम आज्ञा पाहावी. कॅमेऱ्याच्या डोक्यावरील चक्र ‘ऑटो’वर असेल तर अंधारांत फ्लॅश आपण होऊन उठतो, तें ‘पी’ किंवा ‘एम’ या अक्षरांवर असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत विजेच्या बाणाचें चिन्ह असलेलें बटण आपणांस दाबावें लागतें. त्याच बाणावर आडवी रेघ असेल, तर फ्लॅश बंद ठेवण्याचा हुकूम आहे असें समजावें. निसर्गदृश्याची किंवा शोभेच्या दारूची योजना निवडलेली असेल, अथवा शटर निःशब्द केलेलें असेल, तरीहि कित्येक कॅमेरे फ्लॅश उघडीत नाहींत. मेनूमध्यें फ्लॅश बंद ठेवण्याची एक स्वतंत्र ओळ असते. लहान मुलांच्या हातीं कॅमेरा पडला असेल तर ती अवश्य तपासावी. बॅटरी अर्धी उतरली असतांना चित्र निघतें, पण फ्लॅश उठूनहि पेटत नाहीं, असेंहि होतें. लागोपाठ बरींच चित्रें घेतल्यावर तो कांहीं काळ विश्रांति मागतो. त्यास ती द्यावी.

आमच्या कॅमेऱ्यांत यांपैकीं कांहींच निघालें नाहीं. बॅटरी भरलेली, चक्र योग्य जागीं, मेनू निर्दोष. इकडे वहिनी लुगड्याचा सोगा धरून उभ्या. “भाऊजी, अनुराधा आहे तोंवर बाया उभ्या राहूं देत हो,” त्या म्हणाल्या. पुतण्यानें पेचकस आणला. येथें मात्र आम्हीं वडिलकीचा आवाज काढला. त्या इवल्याशा दिव्यामागें एक कपॅसिटर असतो, व फ्लॅश पेटविण्यासाठीं त्यांत सुमारें ३०० व्होल्टची वीज सांठविलेली असते. बॅटरी काढून घेतल्यावरहि ती बराच वेळ तेथें राहते. घरीं कॅमेरा उघडणाऱ्या माणसास तिचा जीवघेणा धक्का बसूं शकतो. म्हणून कॅमेऱ्याचें कवच घरीं कधींहि उघडूं नये. पुतणे रागावले, रागावोत.

मग आम्हीं कॅमेरा कानाशीं धरला. बटण दाबल्यावर आंतून ‘टक्’ असा आवाज आला असता, तर कडी सुटते पण झांकण अडकतें, असें ठरलें असतें. तेव्हां झांकणाच्या कडेस नखानें हलकाच आधार देऊन पाहावा, आणि उठून दिवा पेटला तर केवळ बिजागरीचें काम समजून कारागिराकडे द्यावें. परंतु आवाजच आला नाहीं. म्हणजे कॅमेरा प्रयत्नच करीत नव्हता. कां?

बहुतेक अशा कॅमेऱ्यांच्या माथ्यावर मोठा फ्लॅश सरकवून बसविण्यासाठीं धातूची एक खांच असते. छायाचित्रकार तिला हॉट शू म्हणतात. कित्येक कॅमेऱ्यांत या खांचेच्या कडेखालीं एक बारीक कळ दडलेली असते. मोठा फ्लॅश बसला कीं ती दबते, आणि कॅमेरा समजतो कीं माथ्यावर वडील मंडळी बसली आहेत, आतां आपल्या धाकट्या दिव्यानें उठूं नये. ही कळ दबलेलीच राहिली, तर वर कोणी नसतांहि धाकटा दिवा अदबीनें खालींच राहतो. आम्हीं खांचेंत भिंगानें पाहिलें, आणि आंत लाल दिसलें. गुलाल! आदल्या वर्षीं विसर्जनाच्या मिरवणुकींत हाच कॅमेरा होता. गुलालावर मुळशीचा पावसाळा गेला, व त्याचा गारा होऊन कळ चिकटून बसली.

उपाय साधा होता. कॅमेरा बंद करून बॅटरी बाहेर काढली, तो उलटा धरला, आणि मऊ कोरड्या कुंचलीनें खांच झाडली. नंतर भेटपत्रिकेच्या जाडीचा पुठ्ठा दोन्ही कडांखालून दहा-बारा वेळां मागेंपुढें सरकविला. पाणी, तेल किंवा टांचणी यांपैकीं कांहींहि वापरूं नये. टांचणीनें आंतील विद्युत्-टोकें एकमेकांस जोडलीं जाण्याचें भय असतें. बॅटरी घालून बटण दाबतांच फ्लॅश टणकन् उठला. माजघरांत एकच हंशा झाला. वहिनी मात्र हंसल्या नाहींत, त्यांनीं निरी घातली.

पहिल्या चित्रांत खालच्या बाजूस काळी अर्धचंद्राकृति छाया आली. ती भिंगाच्या तोंडावरील टोपड्याची, म्हणजे हूडची. फ्लॅश ठेंगणा असल्यानें टोपडें त्याच्या आड येतें. तें काढतांच छाया गेली. दूर उभ्या असलेल्या मुली काळ्याच राहिल्या, पण तो फ्लॅशचा दोष नव्हे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटतो, हें आम्हीं वर्गांत पुष्कळांस शिकविलें. दुप्पट अंतरावर तो चौथाईच उरतो. धाकट्या फ्लॅशची शक्ति आयएसओ १०० वर साधारणतः १२ या आंकड्यानें दर्शवितात. त्यास भिंगाच्या छिद्राच्या आंकड्यानें, समजा ४ नें, भागिलें कीं ३ मीटर ही पोंच निघते. आयएसओ ४०० केला तर ती दुप्पट. वहिनींपासून आम्ही पांच हातांवर होतों, तेवढें पुरे होतें.

पितळी मुखवटे बसल्यावर नवी अडचण आली. समोरून चमक पडतांच गौरीच्या गालांवर पांढरे डाग उमटले. नातवास दोन पावलें बाजूस सरकविलें, फ्लॅशची शक्ति मेनूंतून थोडी कमी केली, आणि दिव्यापुढें पातळ बटर-पेपर धरला, डाग निवळले. चाळीस-पंचेचाळीस चित्रें झालीं. नातसून प्रत्येकाचा क्रम वहींत लिहीत होती.

सायंकाळीं वीज आली नव्हतीच. आम्हीं कॅमेऱ्याच्या पडद्यावर वहिनींना एकेक चित्र दाखविलें. स्वतःचे हात पाहून त्या क्षणभर थांबल्या, मग पडदा चांगल्या डोळ्याजवळ नेऊन म्हणाल्या, “अग बाई, धाकटीचा पदर चुकला कीं! सासूबाई तो मागून घेत.” आणि त्या उठल्या. कनिष्ठेचा पदर सोडून पुन्हा नीट लावला. नातवानें ती चित्रेंहि घेतलीं, आणि नातसुनेनें वहींतल्या आधींच्या ओळीवर काट मारली.