पायी सहलीला कुत्रा नेताय? आधी पाच अतिचार आठवा



दिवाळी आटोपली की आपल्याकडे सहलींचे बेत सुरू होतात. अलीकडे त्यात एक नवी हौस आली आहे. आठ-दहा दिवस कोकण किनाऱ्यानं पायी चालायचं आणि सोबत घरचा कुत्रा न्यायचा. चालण्याला माझा विरोध नाही, कुत्रा नेण्यालाही नाही. आक्षेप आहे तो बेत आखण्याच्या पद्धतीला. मुक्काम ठरतो आपल्या आवडीनं, अंतर ठरतं आपल्या ताकदीनं, जेवण आपल्या वेळेनं, आणि कुत्र्याचं नाव यादीत शेवटी, सामानाच्या शेजारी. ‘तो काय, जनावरच आहे, चालेल!’ असं म्हणून विषय संपतो. माझं स्पष्ट म्हणणं आहे की ज्या बेतात कुत्रा शेवटी येतो, त्या सहलीला त्याला नेऊच नये.

यात धर्म कुठे आला, असं कोणी विचारेल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण सगळ्यांनी ते घोकले. मग गोठ्यातला बैल गेला आणि हे अतिचार जुन्या काळातले, असं आपण मनाशी ठरवून टाकलं. पण बैलाच्या जागी आता कुत्रा आला आहे, आणि पायी सहलीत हे पाचही अतिचार आपल्या हातून अगदी हसतखेळत घडू शकतात.

आधी अतिभारारोपण घेऊ. ओझं म्हणजे फक्त पाठीवरची पिशवी नव्हे, न झेपणारं अंतर हेही ओझंच. आठ दिवसांत वेंगुर्ल्याहून देवगड गाठायचं, असा एक बेत मला कौतुकानं दाखवण्यात आला. माणसाला ते जमेल. पण घरात फरशीवर लोळणाऱ्या कुत्र्याचे तळवे मऊ असतात. कोकणातला जांभ्या दगडाचा सडा कानशीसारखा खरखरीत असतो. डिसेंबरातही तिथे दुपारी पारा तिशीच्या वर जातो, वाळू आणि डांबर तापतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर तो रस्ता त्याच्यासाठी नाही. शिवाय तो थकला तरी सांगत नाही. मालकीण पुढे चालते आहे म्हणून तो मागे येतच राहतो.

त्यासाठी नमुना आपल्या घरातच आहे. आपले त्यागीगण विहार कसा करतात ते आठवा. उजाडल्यावर निघायचं, उन्हं चढायच्या आत थांबायचं, चातुर्मासात प्रवासच नाही. कुत्र्यासाठी याहून चांगलं वेळापत्रक कोणताही सहलवाला देणार नाही. सहा ते आठ आठवडे आधीपासून रोज चालण्याचा सराव द्या, तीन-चार किलोमीटरपासून हळूहळू वाढवत न्या. सहलीत दिवसाला आठ-दहा किलोमीटर पुरे, तेही सकाळी नऊच्या आत, आणि दोन दिवस चालल्यावर एक दिवस पूर्ण विश्रांती. अशा चालीनं आठ दिवसांत वेंगुर्ल्याहून वायंगणी, निवती, भोगवे करत, मग कर्ली खाडी होडीनं ओलांडून देवबाग आणि मालवण गाठलं तरी पुष्कळ झालं. देवगड पुढच्या वर्षी. पगसारखी चपट्या नाकाची जात, वर्षाच्या आतलं पिल्लू आणि म्हातारा कुत्रा यांनी मात्र या वाटेला जाऊच नये.

आता अन्नपाननिरोध. इथे मी थोडं कडक बोलणार आहे. ‘आमचा कुत्रासुद्धा चौविहार पाळतो, चतुर्दशीला उपवास करतो’ असं काही घरांत अभिमानानं सांगितलं जातं. व्रत स्वतःहून घ्यायचं असतं, दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं नसतं. दिवस मावळण्याआधी त्याला जेवायला घाला, दिवसभर चालून आलेल्या जनावराला ते सोयीचंच आहे. पण रात्री त्याच्यापुढचं पाणी उचलू नका. कुत्र्याला एरवीसुद्धा दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटरभर. चालताना त्याहून बरंच जास्त. ते पाणी तुमच्या पिशवीत असायला हवं. नाही तर तो समुद्राचं पाणी पितो आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात.

खाणंही घरचं, रोजचंच न्या. सहलीत नवा प्रयोग नको. चालून आल्या आल्या पोटभर घालू नका, आधी अर्धा-एक तास दम खाऊ द्या. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, म्हणून तो कुत्र्याला विषारी असतो हे आपल्यापैकी अनेकींना कधी कळलंच नाही. खानावळीतली आमटी-भाकरी त्याला कालवून घालाल तेव्हा हे लक्षात ठेवा. आणि आपल्या सांगली भागात प्रवासाच्या डब्यात हमखास असणारे बेदाणे! द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लहान मुलं प्रेमानं भरवतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

बंध म्हणजे बांधून ठेवणं. वाटेत रस्ता ओलांडताना, गुरं दिसली तर, गावातल्या कुत्र्यांच्या टोळीतून जाताना दोरी हवीच. दोरीत दोष नाही. दोष आहे तो आपण मंदिरात, खानावळीत, किल्ल्यावर जायचं आणि त्याला उन्हात खांबाला बांधून ठेवायचं, यात. धर्मशाळांत कुत्र्याला घेत नाहीत. घरगुती निवासवाले फोनवर ‘आणा की’ म्हणतात आणि पोचल्यावर ‘अंगणात बांधा’ म्हणतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा, रात्री तो आमच्या खोलीत झोपेल ना? गाडीचंही तसंच. मुंबईहून कुडाळला रेल्वेनं येणार असाल, तर कुत्रा सोबत ठेवायला एसी फर्स्टचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. नाही तर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत, रात्रभर एकटा. मला विचाराल तर अख्खा कूपे परवडत नसेल तेव्हा कुत्र्यानं घरी राहावं.

सोडून ठेवण्यातही हिंसा असते. डिसेंबर ते मार्च या काळात वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि कुत्रे ती उकरून खातात. ‘मोकळा धावू दे बिचाऱ्याला’ म्हणत आपण त्याला वाळूत सोडायचं आणि एका सकाळीत शंभर पंचेंद्रिय जीवांचा घात व्हायचा! त्या किनाऱ्यावर दोरी हातातून सुटता कामा नये. अभयारण्यातून जाणारी वाट तर मुळातच नको. पाळीव कुत्रा तिथे न्यायचा नसतो. त्याचे रोग वन्य प्राण्यांना लागतात आणि सह्याद्रीतला बिबट्या कुत्र्याला सोडत नाही.

छेद म्हणजे अवयव कापणं. शोभेसाठी कुत्र्याचे कान-शेपूट कापून घेणारे लोक आहेत, त्यांच्याविषयी काय बोलावं! पण चालताना कालवांच्या धारेनं फाटलेला तळवा न पाहता पुढे चालवत नेणं हेही मी त्यातच धरते. रोज मुक्कामाला पोचलं की आधी त्याचे चारही पाय धुवून बघा, आपला चहा नंतर.

त्याच वेळी गोचीड शोधा. इथे आपली खरी अडचण होते, कारण गोचीडही जीवच. काही जणी म्हणतात, औषध लावायचं नाही, पाप लागतं. मला हे पटत नाही. गोचिडांनी येणाऱ्या तापानं कुत्रा दगावतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप आहे, तोही गोचिडांमुळेच माणसांना होतो. ज्याला आपण स्वतःच्या हौसेनं गवतात नेलं, त्याचं रक्षण करायचं नाही आणि त्याला अहिंसा म्हणायचं, हे सोपं झालं. गवतातली वाट टाळा, निघण्याआधी पशुवैद्यांकडून प्रतिबंधक औषध घ्या, म्हणजे जीव अंगावर बसून मरण्याचे प्रसंगही कमी येतील. तेही मनाला नको वाटत असेल, तर कुत्रा नेऊ नका. रेबीज आणि डिस्टेंपरची लस, तिचा दाखला आणि वाटेतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे पत्ते मात्र हवेतच.

राहिला वध, म्हणजे मारणं. जीवंधरकुमारांची कथा आपण ऐकलेली आहे. अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलं, आणि शेवटच्या क्षणी त्याच्या कानात णमोकार मंत्र पडला तो जीवंधरांच्या मुखातून. कथेत आपण नेहमी स्वतःला जीवंधरांच्या जागी बघतो. थकून रस्त्यात बसलेल्या कुत्र्याला पट्ट्यानं हिसका देताना आपण कोणाच्या जागी असतो?

‘इतकं सगळं करायचं तर सहलीची मजा काय राहिली?’ असंही मला ऐकवलं गेलं. मजा माणसांची असेल तर माणसांनी खुशाल जावं, आणि कुत्र्याला त्याच्या ओळखीच्या माणसाकडे, त्याच्या अंथरुणासकट ठेवावं. फोटोत तो नसेल एवढंच. तो सोबत हवाच असेल, तर अंतर, वेळ आणि मुक्काम त्याच्या चार पायांवरून ठरवा आणि मगच सुट्टीचा अर्ज टाका.

जय जिनेंद्र.