निधी आटला, माणसे इथेच आहेत

जयसिंगपुरात मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन दारी येणारा यल्लम्माचा जोगता कोणाला नवा नाही. लुगडे नेसलेल्या, कपाळी भंडारा माखलेल्या त्या जोगत्याला घरातील वडीलधारी बाई जोगवा वाढते, वर हातही जोडते. तोच भाड्याची खोली विचारावयास आला, तर मात्र दार लागते.

ही विसंगती आता आठवण्याचे कारण अमेरिकेत घडले. 20 जानेवारी 2025 रोजी सत्तेवर येताच डोनाल्ड ट्रम्प यांनी स्त्री व पुरुष ही दोनच लिंगे शासनमान्य असल्याचा आदेश काढला आणि परदेशांस दिली जाणारी मदतही रोखली. त्या पैशावर हैदराबाद, कल्याण व पुणे येथे तृतीयपंथीयांसाठी चालणारी 'मित्र' क्लिनिके बंद पडली. ज्या देशाच्या वकिलाती कालपर्यंत इंद्रधनुषी ध्वज फडकवून जगाला मानवाधिकारांचे पाठ देत होत्या, त्याच देशाने हात आखडता घेतला. हंगेरीने 2025 मध्ये समलिंगींच्या मिरवणुकांवर बंदीची तरतूद केली. युगांडाने 2023 च्या कायद्यात काही प्रकरणी थेट देहदंड लिहिला.

परकीय पैशावरचे एक थोतांड संपले, म्हणून आपल्यापैकी काहींना बरे वाटले असेल. ते बरे वाटणे उथळ आहे. परकी होती ती शिक्षा! 1860 च्या दंडसंहितेतील 377 वे कलम इंग्रजांचे आणि तृतीयपंथीयांची नोंद पोलिसांकडे ठेवणारा 1871 चा कायदाही त्यांचाच. उलट, 2014 चा तृतीयपंथीयांना ओळख देणारा निवाडा आणि 2018 चा 377 व्या कलमाविषयीचा निवाडा दिल्लीत, भारतीयांच्याच अर्जांवर झाले. पहिल्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी होत्या. विवाहाचा प्रश्न निराळा. 2023 मध्ये न्यायालयाने तो संसदेवर सोपविला आणि त्यावर मतभेद राहणारच. औषध आणि निवारा यांवर मतभेद कसला?

सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जानेवारी 2023 मधील मुलाखतीत, अशी माणसे पूर्वापार आहेत, त्यांनाही समाजात त्यांचे स्थान असावे, असे स्पष्ट सांगितले. पण शब्दामागून काम किती गेले? हैदराबादचे क्लिनिक 'सबरंग' नावाने पुन्हा उभे राहिले ते टाटा ट्रस्टच्या साहाय्याने. पैसा याच देशातला होता, हे समाधान. सेवेचा वारसा सांगणारे तेथे उशिरा पोहोचले, ही खंत.

2019 च्या महापुरात शिरोळ तालुका बुडाला तेव्हा पूरग्रस्तांची जात कोणी विचारली नाही. जयसिंगपूर वसविणाऱ्या शाहू महाराजांनीही, मुली देवाला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध 1920 मध्ये कायदा करताना, कोणा जागतिक परिषदेच्या ठरावाची वाट पाहिली नव्हती. मार्गशीर्ष पौर्णिमेनंतर सौंदत्तीहून परतणाऱ्या गाड्यांतून जोगते पुन्हा या गावात उतरतील. त्यांच्यातील कोणी आजारी पडल्यास मिरजेच्या रुग्णालयात त्याला पुरुषांच्या कक्षात ठेवावे की स्त्रियांच्या, हे बोलण्यासाठी त्याच्यासोबत कोण जाणार, एवढे तरी तोवर ठरवता येईल.