छापलेलं चिकन : हलाल आहे का, एवढंच विचारू नका

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत काही निमंत्रितांनी कोंबडी न कापता तयार झालेलं चिकन चाखलं. ते बनवणारी बायोक्राफ्ट फूड्स ही कंपनीही मुंबईचीच. कोंबडीच्या थोड्या पेशी घ्यायच्या, साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं असलेल्या द्रावणात वाढवायच्या, त्यांचा लगदा प्रिंटरच्या तोटीतून थरावर थर सोडायचा. हे थर रचले नाहीत, तर हाती फक्त खिमा येतो. भारतात असं मांस विकायला अजून परवानगी नाही, पण ते फार लांब आहे असं मला वाटत नाही.

मुकुंदवाडीतल्या ज्या मित्रांना मी हे सांगितलं, त्यांचा पहिला प्रश्न एकच : हलाल आहे का?

प्रश्न रास्त आहे आणि त्यावर एकमत नाही. सिंगापूरच्या फतवा समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं की पेशी हलाल जनावराच्या असतील आणि त्यात हराम काही मिसळलेलं नसेल, तर असं मांस चालेल. इंडोनेशियाच्या नहदतुल उलमाने २०२१ मध्येच उलट मत दिलं होतं. जिवंत जनावरापासून वेगळा केलेला भाग मुर्दार, हा त्यामागचा जुना फिक्ही नियम. शिवाय पेशी वाढवायला अनेक वर्षं गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेलं सीरम वापरलं गेलं, आणि वाहतं रक्त तर हरामच. आता बऱ्याच कंपन्या सीरमशिवाय काम करू पाहतात. आपल्याकडच्या उलेमांनी हे सगळं एखाद्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाला शेजारी बसवून समजून घ्यावं, मग मत द्यावं.

पण माझा खरा प्रश्न दुसरा आहे. यात आपली पोरं कुठे असतील?

२०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. २०२५ मध्ये, वाटेत होणाऱ्या मारहाणीला कंटाळून कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा बाजारात भाकड जनावरं घेऊन उभा राहिलेला शेतकरीही अडचणीत आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला राज्यातल्या काही महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवायला लावली. कायदा गोवंशाचा, पण कुलूप कोंबडीच्या दुकानालाही! उद्या कोणी म्हणेल, घ्या, आता कापायचीच गरज नाही, वाद मिटला. मला तसं वाटत नाही. छापलेलं चिकन पेटंटसह कारखान्यातून निघेल आणि मॉलच्या फ्रीझरमध्ये जाईल. गल्लीत उधारीवर अर्धा किलो देणारा चिकनवाला त्या साखळीत नसेल.

म्हणून विरोध करायचा का? नाही. आपल्या शहरात वॉकहार्टसारख्या कंपनीने यीस्ट वाढवून इन्सुलिन बनवलं. कोंबडीच्या पेशी यीस्टपेक्षा कितीतरी नाजूक, पण निर्जंतुक टाकी, तापमान, ऑक्सिजन, तपासणी ही कामं ओळखीचीच. मुकुंदवाडीला लागून चिकलठाणा एमआयडीसी आहे. तिथे पॅकिंगच्या लाइनवर उभं राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रयोगशाळेच्या दारातून आत का जाऊ नये? कर्जतला अशा मांसावर संशोधन केंद्र काढण्याची घोषणा मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये केली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी ती बातमी वाचली होती? बीएस्सीनंतर काय, असं मला विचारणाऱ्यांना मी हल्ली हे क्षेत्र सांगतो. घरचे बीएड म्हणतात, तो भाग वेगळा.

आणि एक काम लगेच करता येण्यासारखं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरण नव्या नियमांचा मसुदा काढून हरकती-सूचना मागवतं. आपण बहुधा मुदत संपल्यावर व्हॉट्सअॅपवर भांडतो. या वेळी आधीच लिहून ठेवू : पेशी कोणत्या जनावराच्या, कशा घेतल्या, कोणत्या द्रावणात वाढवल्या, हे पाकिटावर छापलंच पाहिजे. ही माहिती जैन आणि शाकाहारी ग्राहकालाही हवी आहे, तेव्हा पत्रावर त्यांच्याही सह्या मागायला हरकत नाही.