नावे कोण ठेवतो, किंमत कोण मोजतो?



बाजारात गिऱ्हाईक आधी माणूस ओळखते, मग माल पाहते. अमकीच्या पाटीतली मासळी ताजी, तमक्याच्या वजनात खोट, हे त्याने मनात धरलेलेच असते. देशांचेही तसेच आहे. कोणत्या देशाचा जगावर चांगला परिणाम होतो आणि कोणाचा वाईट, असे बी. बी. सी. ने अनेक देशांतील लोकांना विचारले. २०१३ साली सर्वांत चांगले मत पडले ते जर्मनीविषयी.

ज्या जर्मनीने दुसरे महायुद्ध पेटवले, साठ लाख ज्यूंचे बळी घेतले, तीच ही जर्मनी! १९४५ साली तिचे नाव घेताना जगाच्या कपाळावर आठी पडत होती. मग हे घडले कसे? जाहिरातीने नव्हे. आपले पाप तिने पुढच्या पिढीला शाळेत शिकवले, नुकसानभरपाई दिली. ७ डिसेंबर १९७० रोजी चॅन्सेलर विली ब्रांट यांनी वॉर्सा येथे ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकले. गेलेली पत अशी पै पै करून परत मिळवावी लागते.

मालाचेही तेच. परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपू नये यासाठी ब्रिटनने १८८७ साली कायदा केला. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का वाचून गिऱ्हाइकाने माल टाकून द्यावा, हा हेतू. जर्मन कारखानदारांनी माल असा सुधारला की, पुढे तोच शिक्का खात्रीचा ठरला.

पण वाचकहो, जगाचे मत म्हणजे देवाचा कौल नव्हे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होताना सुरक्षा समितीत अकरापैकी सात मते भारताविरुद्ध पडली. त्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स होते. आपल्या बाजूने सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि नकाराधिकार वापरणारा सोव्हिएत संघ. पुढे १९७४ साली लिस्बनची हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षअखेर पोर्तुगालनेच भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. म्हणून कोणी नावे ठेवली तर आधी ठेवणारा कोण ते पाहावे.

तुम्ही म्हणाल, यात आमचे काय? तुमचेच सर्व काही! २०१३ साली युरोपात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर कीड सापडली. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला. त्याबरोबर वांगे, कारले, पडवळ आणि अळूही. आंब्यावरील बंदी २०१५ च्या सुरुवातीस उठली, पण ऐन हंगाम बुडाला तो बुडालाच. एक नासका आंबा आढी नासवतो. ज्याच्या बागेत माशी नव्हती त्यानेही किंमत मोजली.

कोळंबीची गोष्ट निराळी. कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी जाळी जे ट्रॉलर वापरत नाहीत, त्यांची कोळंबी अमेरिकेने १९८९ च्या कायद्याने अडवली. कॅरिबियन भागातील देशांना तयारीला तीन वर्षे दिली, आपल्याला जेमतेम चार महिने! भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत भांडले. १९९८ साली निकाल लागला: कासव वाचवण्याचा हेतू रास्त, पण नियम सर्वांना सारखा लावला नाही, हा अमेरिकेचा दोष.

या निकालात आपल्याला दोन्ही धडे आहेत. जिथे पक्षपात असेल तिथे मान वर करून भांडावे. जिथे खोट आपली असेल तिथे ती गुपचूप काढावी. मात्र त्या सुधारणेचा खर्च एकट्या बागायतदाराच्या आणि मच्छीमाराच्या माथी मारू नये. परकीय चलन देशाला मिळते, तर तपासणीची सोय, बर्फ आणि जाळी यांचा भार सरकारने आणि निर्यातदारानेही उचलावा. बंदी आल्यावर धावपळ करण्याऐवजी पेटी भरण्यापूर्वी तपासावी.

देशाचे नाव राजधानीतल्या भाषणांत राहत नाही. ते तुमच्या आंब्याच्या पेटीत आणि मासळीच्या पाटीत असते. ते राखा, आणि राखण्याचा मोबदलाही हक्काने मागा.