नाल्याचं पाणी आणि घरात उरलेली गोळी

पावसाळ्यात साकीनाका, कुर्ला, जोगेश्वरीच्या बस्त्यांत गुडघाभर पाणी साचतं आणि मुलं त्यातूनच शाळेत येतात. काही दिवसांनी वर्गात तापाच्या सुट्ट्या सुरू होतात. औषध काय दिलं, असं आम्ही पालकांना विचारतो. उत्तर ठरलेलं असतं, "मागच्या वेळची गोळी उरली होती सर, तीच दिली."

नाल्याचं पाणी आणि ही उरलेली गोळी, दोन्हींचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे.

कागदावर मुंबईत पावसाच्या पाण्याचे नाले वेगळे, मैल्याच्या गटारी वेगळ्या. पण ज्या बस्त्यांना गटाराची जोडणीच नाही, त्यांचं सांडपाणी नाल्यातच जातं. विहार-पवई तलावांकडून येणारी मिठी नदी माहीमच्या खाडीपर्यंत पोहोचेस्तोवर गटार झालेली असते. ओशिवरा, पोयसर, दहिसर नद्यांचीही तीच गत. आपण खाल्लेल्या अँटिबायोटिकचा काही अंश आणि औषधाला न जुमानणारे जंतू याच पाण्यात मिसळतात. तिथे एक जंतू दुसऱ्याला, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही, औषध हरवणारं जनुक देऊ शकतो. परीक्षेत एकाने आणलेली चिठ्ठी वर्गभर फिरावी, तसंच हे.

ही नुसती भीती नाही. २०११ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये दिल्लीचा अभ्यास आला. रस्त्यावर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ जनुक सापडलं. इस्पितळात शेवटचा उपाय म्हणून ठेवलेली कार्बापेनेम औषधं हे जनुक निकामी करतं. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधं निष्प्रभ झाल्याने झाले, असा अंदाज आहे.

मग दोष फक्त आपलाच का? नाही. अनेक अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा 'एच-१' नियम २०१४ पासून लागू आहे. तरी गोळी सहज मिळते. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथल्या सात मैलापाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. पण जे सांडपाणी गटारात पोहोचतच नाही, ते केंद्रात तरी कसं जाणार?

आपल्या हातातलं आपण करू या. उरलेली गोळी मुलाला देऊ नये. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. ते जरूर घ्यावं, पण डॉक्टरांना विचारूनच, कारण तेही अँटिबायोटिकच आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने घेतलेले बळी मुंबई विसरलेली नाही.

आणि नगरसेवक दारात आले की नाल्यातून किती गाळ काढला, एवढंच विचारून थांबू नका. आमच्या गल्लीचं सांडपाणी नाल्यात का जातं, गटाराची जोडणी कधी देणार, हेही विचारा.