काळ्या पट्ट्याचे वय

#थ्रेड १/ कराटेच्या वर्गांत एक कथा हमखास ऐकवली जाते: प्राचीन सामुराई आपला पट्टा कधीच धूत नसत, घामामातीने तो काळा पडे आणि तो काळेपणा हीच प्रावीण्याची खूण. कथा सुरस आहे, पण तिला इतिहासाचा आधार नाही.

२/ जुन्या जपानी युद्धकलांच्या घराण्यांत पट्टे नव्हते आणि डॅनही नव्हते. गुरू टप्प्याटप्प्याने लेखी परवाने देई. 'मोकुरोकु' म्हणजे शिकलेल्या तंत्रांची यादी. 'मेन्क्यो काइदेन' म्हणजे संपूर्ण विद्या हाती आल्याची साक्ष.

३/ 'डॅन' ही श्रेणी रणांगणातून आलेली नाही. ती 'गो' या पटावरच्या खेळात आधीपासून होती. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान स्थापन केले, तेव्हा त्यांचे वय होते २१. १८८३ मध्ये त्यांनी दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. काळा पट्टा त्याच दशकातला.

४/ सामुराईंनी तलवार बाळगण्यावर बंदी आली १८७६ मध्ये. म्हणजे काळा पट्टा जन्मला तो सामुराई वर्ग लयाला गेल्यावर! कानो हे विद्यापीठात शिकलेले शिक्षणतज्ज्ञ होते; श्रेणी हे त्यांच्या लेखी अध्यापनाचे साधन होते.

५/ भारदस्त पदव्यांचेही तेच. क्योटोत १८९५ मध्ये 'दाई निप्पोन बुतोकुकाई' ही संस्था निघाली. 'हान्शी' आणि 'क्योशी' या तिच्या पदव्या १९०२ च्या, 'रेन्शी' १९३४ ची. सरंजामशाहीच्या नव्हे, रेल्वे आणि तारायंत्राच्या जपानची ही निर्मिती.

६/ कराटे तर मूळचे ओकिनावाचे. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ते टोकियोत घेऊन गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी कानोंच्याच धर्तीवर डॅन दिले. रंगीत पट्ट्यांची उतरंड पुढे रुजली ती युरोपातल्या ज्यूदोवर्गांत.

७/ आता 'सेन्सेई'. शब्दशः अर्थ 'आधी जन्मलेला'. जपानमध्ये शाळामास्तर, डॉक्टर, वकील, लेखक सारेच सेन्सेई. मात्र हे संबोधन दुसऱ्याने द्यायचे असते. स्वतःच्या सहीत कोणी 'साहेब' लिहीत नाही, तसा जपानी शिक्षक स्वतःची ओळख 'मी सेन्सेई' अशी करून देत नाही. आपल्याकडच्या फलकांवर मात्र ती सर्रास दिसते.

८/ हा शब्दच्छल नव्हे. 'प्राचीन परंपरा' म्हटले की प्रश्न विचारणे उद्धटपणा ठरते; शुल्क, शिक्षा, अपमान सारे त्या आडोशाला खपते. खुद्द जपानमध्ये २०१३ च्या जानेवारीत उघड झाले, की राष्ट्रीय संघातील १५ महिला ज्यूदोपटूंनी प्रशिक्षकांकडून होणाऱ्या मारहाणीची तक्रार केली होती. मुख्य प्रशिक्षकाला पायउतार व्हावे लागले. कानोंच्या ज्यूदोतच हे घडले, याहून मोठी विटंबना कोणती?

९/ कोणी म्हणेल, शिष्टाचार गेला तर शिस्तही जाईल. शिष्टाचार जावा असे कोण म्हणते? तो नीट वाचावा, इतकेच. 'ओतागाई नी रेई' या आज्ञेचा अर्थच 'परस्परांना वंदन'. शिष्य वाकतो, तसा गुरूही वाकतो. एका बाजूनेच वाकायचे असेल, तर ते वंदन नव्हे, ती शरणागती होय.

१०/ परंपरा नवी असणे हा दोष नव्हे. एका तरुण शिक्षकाने विचारपूर्वक घडवलेली पद्धत जगभर पसरली, ही थोर गोष्ट आहे. दोष आहे तिला खोटे वय चिकटवून प्रश्नांची तोंडे बंद करण्यात. माणसाने घडवलेला नियम माणसाला तपासता येतो आणि बदलताही येतो. पट्टा खुशाल बांधावा. त्याने बुद्धी तेवढी बांधून घेऊ नये.